फुलोऱ्याच्या अलीकडे

मधमाश्या थंडीने मरतात, असा एक समज आहे. आमच्या डोंगरावर तरी तो खरा नाही. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. पौषात एखाद्या पहाटे वेण्णा तलावाच्या काठी, लिंगमळ्याच्या बाजूला दव गोठतं, स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण धरतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतात आणि शनिवारी पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते. हे सगळं चालू असताना पेट्या निवांत असतात. आमच्या सातेरी माश्यांना एवढ्या थंडीचं फारसं काही वाटत नाही. त्या पोळ्यांवर एकमेकींना बिलगून बसतात, थोडं खातात, त्याहून थोडं हलतात. पेट्या रिकाम्या पडतात त्या पुढे. माघ लागतो, दुपारचं ऊन चटकायला लागतं, माणसं स्वेटर धुऊन ट्रंकेत टाकतात आणि थंडी सरली एकदाची म्हणून हुश्श करतात, नेमकी तेव्हा.

कारण राणी. थंडीभर तिने हात आखडता घेतलेला असतो. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढायला लागतो, कुठून कुठून थोडा ताजा पराग पेटीत यायला लागतो, आणि राणीचा हात सुटतो. आधी एका पोळ्याच्या मध्यावर तळहाताएवढा अंड्यांचा गोल, मग पलीकडच्या पोळ्यावर दुसरा. अंडी घालायला तिला काही लागत नाही. लागतं ते त्यांच्यातून निघणाऱ्या अळ्यांना. अळीला खायला लागतं, आणि त्याहून महाग म्हणजे तिला ऊब लागते. पिल्लांच्या पोळ्यावर 34 ते 35 अंश तापमान राहावं लागतं. बाहेर पहाटे पाच-सात अंश असोत, नाहीतर दुपारी पंचवीस.

ही ऊब माश्या आपल्या अंगातून काढतात. उडण्याचे छातीतले स्नायू पंखांपासून जणू सोडवून घ्यायचे आणि नुसतेच थरथरवायचे. बघणाऱ्याला माशी पोळ्यावर स्वस्थ बसलेली दिसते. खरं तर ती जागच्या जागी उडत असते. जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या अभ्यासकांनी उष्णता टिपणारे कॅमेरे लावून युरोपियन माश्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दाखवली. पिल्लांनी भरलेल्या पोळ्यात मधेमधे जी रिकामी घरं राहतात, त्यांत काही माश्या डोकं आत घालून शिरतात आणि आजूबाजूच्या कोषांना शेक देत बसतात. पोळ्यात मधली घरं रिकामी दिसली की राणीला नावं ठेवायची आपली रीत. या माश्या त्याच घरांत शेगडी मांडून बसलेल्या निघाल्या. आणि या शेगडीला सरपण एकच, मध. म्हणजे पौषात जो साठा महिनाभर पुरला असता, तो माघात आठ-पंधरा दिवसांत उडतो, आणि पेटीत खाणारी तोंडं मात्र दर दिवसाला वाढत असतात.

खळ्यावर धान्य यायच्या आधीच ज्या घराने लग्नाची तिथी धरली, त्या घराची जी ओढाताण होते ती या दिवसांत पेटीची होते. धान्य येणार हे पक्कं असतं. शेतात पीक उभं दिसतही असतं. फक्त ते आज हातात नसतं.

आमच्या रानाचं वेळापत्रक याला कारण आहे. दिवाळीनंतरचा पिशाचा बहर केव्हाच सरलेला. कारवीचा मध म्हणजे सात-आठ वर्षांतून एकदा येणारं भाग्य, त्याच्यावर प्रपंच चालत नाही. खरा हंगाम जांभळाचा. त्याच्या आगेमागे गेळा, मग हिरडा. होळीपासून वळवापर्यंत काय तो मध. माघात जे मिळतं ते किरकोळ: बांधावरची मोहरी, परसातला शेवगा, खाली खोऱ्यात उतरलं तर काटेसावर आणि पांगारा. पोट टिकवण्यापुरतं. तेही दुपारच्या दोन-तीन तासांत गोळा होईल तेवढंच, कारण सकाळी ऊन पेटीवर येईपर्यंत माशी दाराबाहेर पडत नाही आणि चार वाजता डोंगराची सावली पडली की परतायला लागते.

बर्फाच्या देशांत ही गोष्ट सगळे पाळणारे ओळखून असतात. तिकडच्या पेट्या बर्फाचे महिने काढतात आणि फुलं यायला पंधरा दिवस उरले असताना उपाशी मरतात. मेलेल्या माश्या पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकी खुपसलेल्या सापडतात. शेवटचा थेंब चाटायला गेलेल्या. आपल्या हिमाचलात आणि उत्तराखंडात जुन्या घरांच्या जाडजूड दगडमातीच्या भिंतींत माश्यांसाठी पोकळ्या ठेवतात. दार बाहेरच्या अंगाला, मागचं फळकूट घरात उघडणारं. चुलीची ऊब भिंतीला, भिंतीची माश्यांना. माशी तीच, आपल्या सातेरीच्याच जातीची, अंगाने थोडी थोराड. मला ही सोय फार हेवा वाटण्याजोगी वाटते. आमच्याकडे पेटी आणि माणूस यांच्यामध्ये अंगण आहे, आणि रात्री त्या अंगणात जाऊन काही करता येत नाही.

करता येत नाही हे शिकायलाच खरं तर वेळ लागतो. 1851 साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या लक्षात आलं की साधारण तीन अष्टमांश इंचाची फट ठेवली तर माश्या तिच्यात पोळं बांधत नाहीत, ती डिंकाने बुजवतही नाहीत. ये-जा करायला मोकळी सोडतात. त्या फटीवर आजची पेटी उभी आहे. चौकटी सुट्या, एकेक उचलून बघाव्यात, पुन्हा ठेवाव्यात. आपल्या माश्या अंगाने लहान, म्हणून गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीकडच्या फादर न्यूटननी त्यांच्या मापाची छोटी पेटी केली. महाबळेश्वरला मधाचं काम 1946 पासून रुजलं, पुण्यात 1962 मध्ये केंद्रीय संस्था आली, प्रशिक्षणं झाली, डोंगरातल्या वाड्यावाड्यांत पेट्या पोचल्या. झाडाची ढोली फोडून, धूर करून, पिल्लांसकट पोळं पिळून मध काढण्याचे दिवस मागे पडले. हे फार मोठं काम झालं. पण उघडता येते म्हणून पेटी उघडायची, अशी एक खोड आम्हा सगळ्यांच्या हाताला त्यातूनच लागली. एरवी ती चालून जाते. माघात नाही. पहाटेपासून माश्यांनी मध जाळून जमवलेली ऊब झाकण काढल्यावर दोन मिनिटांत निघून जाते, आणि ती परत जमवायला पुन्हा मधच लागतो. आपण काळजी म्हणून डोकावतो आणि आपल्या काळजीचं बिल त्या भरतात.

तेव्हा पेटी बाहेरून वाचावी लागते. हे वाचन मला आमच्या खालच्या वाडीतल्या मामांनी शिकवलं. ते कुणाचे मामा हे आता कुणालाच नक्की सांगता येत नाही. सगळी वाडी मामा म्हणते. मी बांधाबांधाने पेट्या मांडल्या तेव्हा ते एकदा येऊन बघून गेले होते. बोलले काही नाहीत. मग एका माघात मी भर सकाळी झाकण उचललेलं त्यांनी रस्त्यावरून पाहिलं आणि तिथूनच ओरडले, "गुरुजी, पेटी उघडायची न्हाय. उचलायची!"

पेटीच्या मागे उभं राहायचं. तळपाटाखाली हात घालून मागची बाजू दोन बोटं वर घ्यायची आणि खाली ठेवायची. एवढंच. लाकडाचं वजन हाताला ठाऊक असतं, त्याच्यावर जे काही आहे ते माश्या, मेण आणि अन्न. पहिल्या वर्षी मला सगळ्या पेट्या सारख्याच वाटल्या. तराजू आणू का, असं मी विचारलं तर मामा म्हणाले, "आणा की. तराजू सांगंल किलो किती. पोटाचं काय सांगंल त्यो?" त्यात तथ्य होतं. वजन किती, याला महत्त्व नसतं. मागच्या खेपेपेक्षा किती उतरलं याला असतं. आणि दोन पेट्या सारख्याच जड असल्या तरी जिच्यात माश्या जास्त, तिची भूक जास्त. गंमत म्हणजे माघात धोका या भरलेल्या पेटीलाच अधिक. अशक्त पेटी खातेही कमी. जोमात आलेली, दारावर गर्दी असलेली, पाहुण्यांना दाखवावी अशी पेटीच एकाएकी बसते.

वजनाच्या खालोखाल तळपाट. पेटीच्या बुडाची ही फळी सुटी असते. माश्यांना न दुखवता पेटी बाजूच्या रिकाम्या फळीवर सरकवून जुनी फळी उन्हात आणता येते. तिच्यावर जो कचरा पडलेला असतो, तो मी चष्मा लावून बघतो. घरातल्यांना यात काय बघण्यासारखं आहे हे अजून कळलेलं नाही.

कचरा सगळीकडे सारखा नसतो, पट्ट्यापट्ट्यांनी पडतो. दोन पोळ्यांमधल्या वाटेच्या बरोबर खाली एक पट्टा. जितके पट्टे, तितक्या वाटांमध्ये माश्या आहेत. झाकण न काढता वसाहतीचा विस्तार समजला. पट्ट्यात फिकट पिवळा, रव्याएवढा मेणाचा भुगा असला तर त्या मधाच्या घरांवरची झाकणं फोडून खातायत. गडद तपकिरी, जाडसर चुरा असला तर पिल्लं बाहेर पडतायत, त्यांच्या घरांवरची ती झाकणं. पट्ट्यात न मावणारे काळे कपटे इकडेतिकडे दिसले तर घाबरायचं नाही. सातेरीला जुनं काळं पोळं आवडत नाही. ते ती कुरतडून खाली पाडते आणि नवीन बांधते. परागाची एखादी गोळी घसरून पडलेली असते, तिचा रंग बघून ती कुठून आणली याचा अंदाज बांधत बसता येतं. काळे, मोहरीहून बारीक दाणे आणि त्यांच्याबरोबर कोळिष्टकाचे धागे दिसले की मात्र मेणकिडा शिरलाय. ज्या पोळ्यांवर माश्या बसत नाहीत ती काढून घ्यायची आणि विभाजक फळी सरकवून घर लहान करून द्यायचं. पांढरी, अर्धी चोखलेली अळी पडलेली दिसली तर त्याच संध्याकाळी पाक घालायचा. अन्न संपत आलं की माश्या आधी पिल्लं कमी करतात, आणि त्यात दयामाया नसते.

आणि एखाद्या दिवशी त्या कचऱ्यात एक बारकीशी टोपी सापडते. नराच्या घरावरची. कामकरी माशीच्या घराचं झाकण चपटं असतं. सातेरीच्या नराचं वर उंचवटा आलेलं, शंकूच्या घाटाचं, आणि त्याच्या बरोबर शेंड्यावर टाचणीच्या टोकाचं भोक. युरोपियन माशीच्या पेटीत हे भोक नसतं. ती टोपी नखावर घेऊन उजेडाकडे धरली की भोकातून आभाळाचा ठिपका दिसतो. नर काही काम करत नाहीत. खातात आणि दुपारचं बाहेर हिंडून येतात. त्यांना पोसायला पेटी तयार झाली याचा अर्थ तिचा पुढच्या महिन्यावर भरवसा बसलाय. माझा अजून बसलेला नसतो. मी त्या टोपीकडे बघतो, मग पेटी मागून उचलून बघतो, आणि दोन्हींचा मेळ लागत नाही.

मेळ लागला नाही की पाक. साखर आणि पाणी समसमान, पाणी उकळून, गार करून. वाटीत काड्या टाकायच्या, नाहीतर माश्या बुडतात. वाटी आतल्या झाकणावर, वरच्या झाकणाच्या आडोशाला. वेळ दिवेलागणीची, सगळ्या माश्या घरात आल्यानंतरची. दिवसा पाक घालणं म्हणजे चोरांना आवतण. एक थेंब दारावर सांडला तरी शेजारच्या पेटीला वास लागतो आणि लूट सुरू होते. दारात कुस्त्या, पंख मोडलेल्या माश्या जमिनीवर गोल फिरतायत, आणि लुटणारी पेटी त्या दिवसापुरती आपली असूनही परकी वाटते. गूळ घरचा आहे, स्वस्त आहे म्हणून कुणी गुळाचं पाणी देतात. माश्यांना हगवण लागते. बाजारातला मध आणून घालणं त्याहून वाईट, त्यातून रोग येऊ शकतो.

पण पाक घालणं मला मनापासून आवडत नाही, हेही इथे सांगून टाकतो. काही जण ते मोठ्या प्रेमाने करतात, फोटो काढतात. मला त्यात हिशेब दिसतो. कार्तिकात ज्याने पिल्लांच्या पोळ्यांवरच्या मधालाही सुरी लावली, त्याला माघात साखर आणावीच लागते. ज्याने त्या मधाला हात लावला नाही, त्याचं बहुतेक वेळा निभावतं. साखरेत ऊब आहे, पण परागातून मिळतं ते काही नाही. शिवाय पाक वेळेवर थांबवला नाही तर तो पुढे मधकोठीत चढतो आणि तिथून बरणीत. आमच्याकडे फेब्रुवारीत फोन येतात, यंदाचा मध आला का म्हणून. आला, म्हणणारेही भेटतात बाजारात. जांभळाला कळी नाही आणि जांभळाचा मध बाटलीत. कसा ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

दुपारी मात्र पेट्यांपाशी बसण्यासारखं असतं. साडेबाराच्या सुमाराला ऊन दारावर पुरतं आलेलं असतं. आधी एकदोन म्हाताऱ्या माश्या फळीवर येऊन उभ्या राहतात. मग पाणी आणणाऱ्या निघतात. त्या फुलांकडे जात नाहीत. सरळ झऱ्याच्या ओल्या शेवाळलेल्या दगडावर जाऊन बसतात, कारण थंडीत घट्ट झालेला मध पिल्लांना भरवायचा तर तो पाणी घालून सैल करावा लागतो. दगडाच्या उन्हातल्या बाजूलाच त्या बसतात. सावलीतलं गार पाणी पोटात भरून घेतलं तर उडायचं त्राण राहत नाही. मग थंडीभर कोंडून राहिलेल्या माश्या पोट मोकळं करायला बाहेर पडतात, आणि दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर पिवळे ठिपके उमटतात. यावरून आमच्या घरात दर वर्षी बोलणं होतं. पेट्या हलवा नाहीतर दोरी हलवा. दोरी हलते.

दीडच्या पुढे कोवळ्या माश्या पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर येतात. अंगावर करडी लव, रंग अजून फिकट. त्या कुठेही जात नाहीत. पेटीकडे तोंड करून दारासमोर हेलकावे घेतात, आधी वीतभर, मग हातभर, मग मोठ्या कमानी. घर कुठे, झाड कुठे, दगड कुठे, सगळं पाठ करून घेतात. पंधरावीस मिनिटं दारासमोर नुसता कल्लोळ, आणि मग एकदम सामसूम. "पोरं खेळाय निघाली," मामा म्हणतात आणि त्या पेटीची काळजी सोडून देतात. खेळायला पोरं आहेत म्हणजे राणी चालू आहे. झाकण काढून राणी शोधत बसण्यापेक्षा ही खूण भरवशाची. ऊन जास्त झालं तर दोनचार माश्या दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. सातेरीचं तोंड तेव्हा बाहेरच्या बाजूला असतं, म्हणजे बाहेरची हवा ती आत ढकलते. युरोपियन माशी उलटी उभी राहते आणि आतली हवा बाहेर ओढते. एकाच कामाच्या या दोन पद्धती कशा पडल्या असतील याचा विचार करण्यात माझ्या कितीतरी दुपारी गेल्या.

स्ट्रॉबेरीचं सांगायला हवं, कारण माघात आमच्या भागात सगळ्यात जास्त फूल तिचंच. मधाच्या दृष्टीने ते काही मोठं फूल नाही. पण स्ट्रॉबेरीला माशीची गरज आहे. फळाच्या अंगावर जे पिवळे दाणे दिसतात, त्यातल्या ज्या ज्या दाण्यापर्यंत पराग पोचतो तिथलं अंग भरतं. जिथे पोचत नाही तिथे फळ दबतं, वाकडं होतं, आणि वाकडा माल मार्केटात मार खातो. हे आता बागाईतदारांना पटलंय. वादाचा मुद्दा फवारणीचा. आमच्या शेजारचा एक जण सकाळी दहाला पंप पाठीला लावायचा, म्हणजे माश्या निघायच्या जरा आधी. आम्ही भांडलो नाही. मामांनी त्याला नेऊन पेटीसमोर बसवला, दुपारी, पोरं खेळायच्या वेळेला. नंतर तो संध्याकाळी फवारायला लागला. आदल्या दिवशी फोनही करतो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी दार जाळीने बंद ठेवून ऊन चढल्यावर उघडता येतं. खाली पठारावर कांद्याच्या बियाण्याचे गोंडे याच दिवसांत फुलायला लागतात, तिकडे पेट्या भाड्याने जातात, ट्रकच्या ट्रक. त्या बहुतेक मेलिफेराच्या, म्हणजे युरोपियन माशीच्या. सातेरीला तो प्रवास मानवत नाही.

खरं म्हणजे तिला फारसं काहीच मानवत नाही. मेलिफेरा उपासमारीतही पेटी धरून बसते. सातेरी उठून जाते. अन्न कमी पडलं, मुंग्यांनी छळलं, मेणकिडा वाढला, आपण रोज झाकण काढून त्रास दिला, की एका दुपारी उरलासुरला मध पोटात भरून सगळी वसाहत रानात निघून जाते. राहते ती रिकामी पोळी. म्हणून पेटीच्या स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, आणि थंडीत त्या वाट्यांतलं पाणी आटत नाही ना, हे बघणं हेही माघातलं काम. नव्वदीच्या सुरुवातीला दक्षिणेत थाय सॅकब्रूडची साथ आली. अळ्या कोषात जायच्या आधीच पाण्याने भरलेल्या पिशवीगत होऊन मरायच्या. केरळ, कर्नाटक, तमिळनाडूतल्या पाळलेल्या सातेरी वसाहतींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त गेल्या. उरल्या आणि पुन्हा वाढल्या त्या बऱ्याचशा रानातल्यांच्या बळावर. पळून जाणाऱ्या माशीबद्दल तेव्हापासून माझ्या मनात राग नाही. तिने रान सोडलेलं नाही, म्हणून आपल्याला पेटी भरायला पुन्हा माश्या मिळतात.

ते रान मात्र याच दिवसांत पेटतं. माघ-फाल्गुनात डोंगरउताराचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. कुणी पुढच्या वर्षी गवत चांगलं यावं म्हणून लावतं, कुणी विडी टाकतं, कुणी काहीच कारण नसताना. रात्री समोरच्या डोंगरावर आगीची ओळ सरकताना दिसते. वणवा आमच्या पेट्यांपर्यंत सहसा येत नाही, बांधाकडेचं गवत आम्ही आधीच कापून ठेवतो. पण धूर येतो. धूर आला की माश्यांना एकच सुचतं: पळावं लागलं तर सोबत घ्यावं म्हणून मध पिऊन घ्यायचा. आपण पेटी उघडताना दोन फुंकरा धूर मारतो तो याच स्वभावावर. तो धूर रात्रभर राहिला तर साठ्याचं काय होतं, हे सकाळी पेटी मागून उचलल्यावर कळतं. आणि त्या डोंगरावर जळालेली जांभळाची, गेळ्याची, हिरड्याची रोपं म्हणजे पुढच्या कित्येक हंगामांचा मध. 2022 च्या मे महिन्यात इथून जवळच्या मांघरला देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं. पाटी लागली, लोक बघायला येतात, चांगलं झालं. पण मधाचं गाव म्हणजे पेट्यांचं गाव नव्हे; त्याच्या भोवतीचं रान फुलत राहिलं तर ते मधाचं. मांघरच्या लोकांना हे कुणी सांगायला नको, बघायला येणाऱ्यांना मात्र सांगावं लागतं. गाडीतून उतरल्यावर ते पहिल्यांदा विचारतात, पेट्या कुठायत?

शिवरात्र होते. थंडी म्हणे शिव शिव करत जाते. आमच्याकडे ती पुढेही आठदहा दिवस पहाटे येऊन जाते. जांभळाची जुनी पानं गळून तांबूस पालवी आलेली असते आणि तिच्या मागे, जुन्या फांदीवर, हिरव्या कळ्यांचे घोस धरलेले असतात. या दिवसांत मी आतलं झाकण एका कोपऱ्यातून बोटभर उचलतो. भर दुपारी, क्षणभर. बघायचं असतं ते पोळ्यांच्या वरच्या कडेला. थंडीभर ती कड तपकिरी असते. एक दिवस तिच्यावर नव्या मेणाची पांढरीशुभ्र किनार चढलेली दिसते. मेण पोटातून काढायला माशीला भरपूर खावं लागतं. जिथे रोजचा खर्च भागत नाही तिथे कुणी नवं बांधकाम काढत नाही. पांढरं मेण दिसलं की त्या दिवसापासून पाक बंद.

मग माळ्यावरून मधकोठ्या उतरवायच्या, गंधकाच्या धुरीचा वास जाईपर्यंत उघड्या ठेवायच्या, मेणकिड्याने खाल्लेल्या चौकटी बाजूला काढायच्या. आणि इथे माझं नि मामांचं दर वर्षी वाजतं. ते म्हणतात, नर निघालेत, पेटी भरलीय, आत्ताच फोडून एकाच्या दोन करा; मध काय पुढच्या साली मिळंल. मी म्हणतो, एवढी थंडी काढून आणलेली पेटी ऐन हंगामाच्या तोंडावर अर्धी करायची तर मध कुणी आणायचा? ते ऐकत नाहीत, मी ऐकत नाही. चहा होतो, पुन्हा तेच बोलणं होतं. तोवर माश्यांनी पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरं लटकवायला घेतलेली असतात.